मंद आचेचा हिशेब

खपली गव्हाच्या खिरीला घाई चालत नाही. कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात महाप्रसादाची काहील चढली, की आचारी आधी जाळ बघतो आणि गुळाचं नंतर बोलतो. खपलीचा दाणा टरफलात घट्ट बसलेला असतो, मळणी झाली तरी ते सुटत नाही. म्हणून तो पाणी लावून उखळात सडायचा, पाखडायचा, रात्रभर भिजवायचा आणि मग शिजत टाकायचा. साध्या गव्हापेक्षा तो जास्त वेळ घेतो. शिजत आला की दोन दाणे बोटांत धरून चेपून बघतात. आत पांढरा कण टिचला, तर अजून अवकाश आहे. दाणा सगळा दबला आणि बोटाला चिकटला, की मगच गूळ. गूळ आधी पडला, तर तो आजूबाजूचं पाणी स्वतःकडे धरून ठेवतो, दाण्यात पाणी शिरत नाही आणि पुढे तासभर जाळ घातला तरी खीर दाताखाली कचकचते.

घरी ही खीर करायची म्हणजे कुणीतरी तीन-चार तास पातेल्याजवळ पाहिजे. तळ लागू नये म्हणून ढवळत राहायचं, पाणी आटलं की आधणाचं पाणी घालायचं. जुन्या घरात हे जमायचं, कारण चुलीला वैल असायचा. पुढच्या तोंडावर भाकरी, मागच्या वैलावर डाळ, दूध किंवा हुलग्याचं कालवण. भाकऱ्यांच्या जाळाची उरलेली धग वैलाला मिळायची, त्यासाठी वेगळं सरपण लागत नव्हतं. गॅसच्या शेगडीला वैल नाही. चार बर्नर आहेत, पण चारही सारखेच भुकेले, आणि बारीक केलेली ज्योत वाऱ्यानं विझते म्हणून मागे माणूस लागतो.

स्लो कुकर म्हणजे विजेवरचा वैल. हे यंत्र आता आपल्याकडच्या घरांतही येऊ लागलं आहे. परदेशी राहणारी मुलगी आठवड्याचा स्वयंपाक त्यात करते, ती आईलाही घे म्हणते. नवरा-बायको दोघंही नोकरीला जाणाऱ्या घरात, साखर कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या घरात, सकाळी टाकून संध्याकाळी गरम जेवण मिळणार असेल तर ते कुणाला नको आहे? पण कोणता घ्यावा, किती लिटरचा घ्यावा आणि मुळात घ्यावा का, याचं उत्तर खोक्यावरच्या चित्रात सापडत नाही. ते आपल्या घरातल्या पदार्थांत, पाण्यात, विजेत आणि घड्याळात असतं. वाळवा तालुक्यातलं, सांगली-इस्लामपूर रस्त्यावरचं आष्टा डोळ्यांसमोर ठेवून हा हिशेब मांडू, म्हणजे तो हवेत राहणार नाही.

आधी मंद आच नेमकं काय करते ते बघू. मटणाच्या नळीजवळचा, खांद्याचा किंवा पायाचा चिवटपणा कोलॅजेन नावाच्या प्रथिनामुळे असतो. साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. पायाचा रस्सा गार झाल्यावर थरथरतो तो यामुळेच. ८० ते ९५ अंशांवर या कामाला काही तास लागतात. प्रेशर कुकरमध्ये वाफेचा दाब वाढून पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून तेच काम अर्ध्या तासात उरकतं. धान्याचंही तसंच. पिठूळ भाग ६०-७० अंशांच्या आसपास फुगतो, खरा वेळ लागतो तो पाणी दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला.

मग प्रेशर कुकर असताना मंद आच कशाला? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर टाळून कुणी स्लो कुकर विकू नये. आपल्या देशात हॉकिन्स आणि प्रेस्टीज हे दोन्ही कुकर १९५९ च्या सुमारास आले आणि त्यांनी आपल्या स्वयंपाकघराचं गणितच बदललं. तुरीची डाळ, भात, बटाटे, रोजचं मटण यांसाठी प्रेशर कुकरच उत्तम, आजही. त्याची अडचण दाट पदार्थांत आहे. खीर, माडगं, कण्या, भरडधान्याची खिचडी असं काही दाट टाकलं की तळाला धरतं, झडपेत कण अडकतात आणि दाणा फुटून लापशी होते. शिवाय शिट्ट्या मोजायला कुणीतरी घरात लागतं. मंद आचेचं भांडं कामी येतं ते अशा दाट पदार्थांना, हाडांच्या रश्शाला आणि घरी कुणी नसताना. बाकी ठिकाणी त्याचा आग्रह धरू नये.

माणूस जवळ नसताना स्वयंपाक व्हावा ही धडपड आपल्या देशातही जुनी आहे. कोलकात्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे, त्यांना वेढणारं उभट भांडं आणि तळाशी मूठभर कोळसा. वाफेवर भात, डाळ, मटण एकदम शिजायचं. खोलीवर एकटे राहणारे आणि प्रवासी यांचा तो मोठा आधार होता. अमेरिकेत आयर्व्हिंग नॅक्सन यांनी १९३६ मध्ये विजेवर चालणाऱ्या अशाच भांड्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, ते १९४० मध्ये मिळालं. त्यांची आई लिथुआनियाची होती. तिथले ज्यू लोक शब्बाथच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी चोलंट नावाचं मांस-घेवड्याचं भांडं गावच्या भट्टीत ठेवायचे, विझत्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. त्या आठवणीतून हे यंत्र आलं. पुढे रायव्हल कंपनीनं नॅक्सन यांचा धंदा विकत घेतला आणि १९७१ मध्ये क्रॉक-पॉट नावानं ते भांडं बाजारात आणलं. बायका मोठ्या संख्येनं नोकरीला बाहेर पडत होत्या, त्या काळात ते घरोघरी गेलं.

आपल्या भागाला या गोष्टीत अभिमानाची एक जागा आहे. इरावती कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे हे वनस्पतिशास्त्रज्ञ फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत काम केलेले. त्यांनी पुण्यात ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उभी केली. ऊस तुटून गेल्यावर शेतात पडणारं पाचट आपण पेटवून देतो, त्याचा कोळसा करून कांड्या पाडायचं तंत्र ‘आरती’नं बसवलं आणि २००२ मध्ये या कामाला इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्या कांड्यांवर चालणारा ‘सराई’ कुकरही त्यांनी केला. स्टीलचं बाहेरचं भांडं, आत डब्यांची चवड, खाली छोटी शेगडी. जेमतेम शंभर ग्रॅम कोळशावर पाच माणसांचं जेवण होतं आणि एकदा पेटवल्यावर बघावं लागत नाही. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसानं मंद आचेचा विचार करताना हे भांडं निदान बघून ठेवावं. त्याला वीज लागत नाही. पण कोळशाचा धूर आणि वायू बाहेर जायला मोकळी जागा लागते, बंद खोलीत ते कधीच पेटवू नये.

आता विजेचा स्लो कुकर. बाहेरच्या पत्र्याच्या कवचात भोवतीनं गुंडाळलेली तार, आत चिनी मातीचं जाड भांडं, वर काचेचं झाकण. साध्या यंत्राला तीन खुणा: लो, हाय आणि वॉर्म. लोवर कमी तापतं आणि हायवर जास्त, असा समज सर्रास आहे. बहुतेक यंत्रांत दोन्ही खुणांवर पदार्थ शेवटी उकळीच्या जवळच पोचतो. फरक वेळेचा आहे, हायवर तीन-चार तास आणि लोवर सात-आठ. वॉर्म ही खूण फक्त शिजलेलं गरम ठेवायला आहे. तिच्यावर कच्चं काही शिजवायचं नाही, आणि दही लावायलाही ती कामाची नाही, कारण विरजणाला ४०-४५ अंशांची ऊब लागते आणि वॉर्मवर भांडं ६० अंशांच्या वर असतं.

हे साठाचं गणित नीट लक्षात ठेवावं. साधारण ५ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्यानं वाढतात. चांगला स्लो कुकर हा पट्टा लवकर ओलांडतो, कमकुवत यंत्र तिथं रेंगाळतं. आणि इथं आष्ट्याच्या विजेचा प्रश्न येतो. तारेला मिळणारी शक्ती विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट आले, तर २०० वॅटचं यंत्र जेमतेम १२० वॅटनं चालतं. गावठाणात हे क्वचित होतं. मळ्यातल्या वस्तीवर, जिथं आजूबाजूचे उसाचे पंप एकदम चालू होतात, तिथं दिवा मिणमिणताना आपण बघतोच. अशा वस्तीवर कमी वॅटचं यंत्र घेऊ नये, आणि कुणी घरी नसताना आठ तास त्याच्या भरवशावर मटण तर नकोच. वीज गेली आणि नंतर आली, तर काट्याचं साधं बटण असलेलं यंत्र आपोआप पुन्हा चालू होतं. आकडे दाखवणारी डिजिटल यंत्रं बऱ्याचदा बंदच राहतात. घरी आल्यावर भांडं कोमट सापडलं आणि वीज किती वेळ गेली ते माहीत नसेल, तर ते अन्न टाकून द्यावं. जिवावर येतं, पण टाकावं.

पाण्याचंही बघा. वाळवा तालुक्यात नदीकाठच्या बऱ्याच जमिनी जादा पाण्यानं क्षारपड झाल्या आहेत आणि तिथल्या बोअरचं पाणी जड लागतं. जड पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या पेक्टिनला घट्ट धरतं, म्हणून डाळ मोडत नाही. प्रेशर कुकर आपल्या दाबानं ही उणीव झाकतो. स्लो कुकरला ते जमत नाही, सात तासांनीही हुलगा टचटचीत राहतो. नळाचं पाणी वापरा. चिंच, आमसूल, टोमॅटो शेवटी घाला, कारण आंबटही डाळीला तसंच अडवतं. सोडा घातला तर डाळ मऊ पडते, पण ब-१ जीवनसत्त्व जातं.

घेवड्याबद्दल मात्र सावधगिरीचा शब्द ठासून सांगायला हवा. कोरेगाव तालुक्याचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकन मिळालेला आहे, चवीला सुरेख आहे आणि आपल्या घरांत आवडीनं खाल्ला जातो. तो राजम्याच्याच जातकुळीचा. या जातीच्या कच्च्या दाण्यांत लेक्टिन नावाचं द्रव्य असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. ते पोटात गेलं तर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. खळखळत्या उकळीनं ते नष्ट होतं, अर्धवट तापवल्यानं उलट जास्त त्रास देतं. लोवर भांडं उकळीच्या जवळ पोचतं, पण खळखळत नाही, म्हणून असा घेवडा त्यात थेट टाकणं म्हणजे अर्धवट तापवणंच. तो पाच तास किंवा रात्रभर भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास सणसणीत उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला. हे न पाळणाऱ्या घरानं राजमा-घेवडा प्रेशर कुकरमध्येच करावा.

किती लिटरचा घ्यायचा? स्लो कुकर अर्ध्यापेक्षा कमी भरला तर पदार्थ कडेनं करपतो, दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरला तर मधे कच्चा राहतो. म्हणजे साडेतीन लिटरच्या भांड्यात खरं कालवण दोन-सव्वादोन लिटरच. चार-पाच माणसांच्या घरात किलोभर मटणाच्या रश्शाला ते बरोबर बसतं. सात-आठ माणसांचं एकत्र कुटुंब असेल तर पाच-सहा लिटरचं लागेल. पाहुण्यांच्या नावानं मोठं भांडं घेऊ नये. ते वर्षातून चारदा भरतं आणि एरवी अर्धं रिकामं तापतं. पाहुणे आले तर पातेलं आहेच. अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी, आष्ट्यात खोली करून राहणारी मुलं असतील, तर त्यांना दीड लिटरचा पुरतो. पण त्यांनी आधी घरमालकाला विचारावं आणि एकाच बोर्डात हीटरबरोबर तो लावू नये.

चवीचा मुद्दा कृष्णाकाठच्या जिभेला महत्त्वाचा. स्लो कुकरमध्ये काहीच परतलं जात नाही. कांदा तांबूस व्हायला, खोबरं खमंग भाजायला १४० अंशांच्या वरची कोरडी उष्णता लागते आणि इथं तर सगळं पाण्यात, उकळीच्या आत. म्हणून कांदा-खोबरं भाजून वाटण करायचं, मटण तेलात परतायचं, कांदा-लसूण मसाला फोडणीत घालायचा आणि मग सगळं भांड्यात उतरवायचं. नाहीतर रश्शाला तर्री येत नाही आणि घरातले म्हणतात, हे दवाखान्याचं जेवण आहे. पाणी नेहमीपेक्षा तिसरा हिस्सा कमी घाला, कारण वाफ झाकणाला लागून परत खालीच पडते. झाकण उघडून बघायचा मोह आवरा. एकदा उघडलं की गेलेली धग भरून यायला वीस-तीस मिनिटं जातात. या झाकणामुळेच बासुंदी या यंत्रात आटत नाही. नृसिंहवाडीच्या चवीची बासुंदी घरी करायची, तर उघडी कढई आणि उलथनं, दुसरा मार्ग नाही. खपलीच्या खिरीला मात्र हे भांडं अगदी साजतं: रात्री दहाला भिजलेले गहू आणि पाणी लोवर, पहाटे दाणा बोटानं दबला की गूळ, सुंठ, वेलची, खोबऱ्याचे काप, आणि मग अर्धा तास हायवर. तळ लागत नाही, ढवळावं लागत नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. २०० वॅट, आठ तास, म्हणजे १.६ युनिट. हे युनिट तुमच्या बिलातल्या शेवटच्या टप्प्याच्या दरानं मोजा, वर वहन आकार धरा. महिन्याला १०० युनिटांच्या वर गेलं की दर चांगलाच चढतो, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. तेवढीच उष्णता गॅसवरून भांड्याला द्यायची, तर चांगल्या शेगडीवरही १९० ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. पण प्रेशर कुकरला मटण शिजवायला एवढी उष्णता लागतच नाही. म्हणजे स्लो कुकर प्रेशर कुकरपेक्षा महाग पडतो. गॅस वाचवायला म्हणून तो घेऊ नका. छपरावर सौर पॅनेल असेल, तर गोष्ट वेगळी. दिवसाची वीज दिवसाच वापरायला हे यंत्र फार चांगलं आहे.

परदेशातून कुणी येताना आणणार असेल, तर त्यांना वेळेत सांगा: अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्टचं असतं. आपल्या २३० व्होल्टला ते जोडलं तर ठरल्याच्या जवळजवळ पावणेचारपट शक्ती ओढतं आणि जळतं. खाली २२०-२४० लिहिलं असेल तरच आणू द्या. इथं घेताना आतलं मातीचं भांडं वेगळं मिळतं का ते विचारा. गरम भांड्यात गार पाणी ओतलं, किंवा फ्रिजमधलं भांडं थेट तापवलं, तर ते तडकतं, आणि सुटं भांडं मिळत नसेल तर सगळं यंत्र वाया जातं. सर्व्हिस सांगली-मिरजेत मिळते का, हेही विचारा.

विजेचा भरवसा नाही अशा घराला माझा कौल थर्मल कुकरला आहे. केरळात जाड तांदळासाठी हे भांडं सर्रास वापरतात. आतल्या पातेल्यात दहा-पंधरा मिनिटं गॅसवर खळखळ उकळी आणायची आणि पातेलं तसंच उष्णता धरून ठेवणाऱ्या बाहेरच्या भांड्यात बंद करायचं. पुढचे चार-पाच तास ना वीज, ना गॅस, ना पहारा. भांडं मात्र दोन तृतीयांश तरी भरलेलं हवं, अर्धं भरलं तर लवकर निवतं. वाढण्याआधी एक उकळी काढावी. मळ्यातल्या वस्तीसाठी, ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे रानात जाणाऱ्या घरासाठी यापेक्षा सोयीचं काही नाही. डाळ-भात-भाकरी आणि आठवड्यातून एकदा मटण एवढाच स्वयंपाक असेल आणि दुपारी कुणीतरी घरी असेल, तर तुमचा प्रेशर कुकर पुरेसा आहे. नवीन काही घेऊ नका. गावठाणात राहणारं, दोघंही कामाला जाणारं, आठवड्यात दोन-तीनदा रस्सा, कडधान्य, खीर किंवा माडगं करणारं चार-पाच जणांचं घर असेल, तर साडेतीन लिटरचा, २०० वॅटच्या पुढचा, फिरवायच्या साध्या बटणाचा स्लो कुकर घ्या.

आणि घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात, यंत्र परत करायची मुदत संपायच्या आत, त्याची परीक्षा घ्या. नळाचं पाणी दोन तृतीयांशापर्यंत भरा, झाकण लावून आठ तास लोवर ठेवा आणि झाकण काढताक्षणी स्वयंपाकाचा तापमापक बुडवा. पाणी ८५ अंश किंवा त्यावर असेल, तर यंत्र ठेवा. त्याखाली असेल, तर दुकानदारानं काहीही सांगितलं तरी ते परत करा.